भिंतीपलीकडून

नव्या कुडत्याचं लेबल मी आधी कापते.
तो पांढरा चौकोन मानेवर दिवसभर बोलत राहतो.

भुसावळात सगळ्यांना वाटतं, हिला आवाज सोसत नाही.
तसं नाही.
मालगाडी सोसते.
आमच्या घरामागून ती जाते तेव्हा
आधी जमीन सांगते, मग मांडणीतले पेले,
मग खिडकीची कडी,
आणि अठ्ठावन्न वाघिणी एकामागून एक
मोजून दिल्यासारख्या निघून जातात.
नाव वाघिणी, पण एकीनेही कधी ओरखडलं नाही.

सोसत नाही ते वेगळंच:
ट्यूबलाइटच्या चोकमध्ये अडकलेली माशी,
दारात उभं राहून कुणी चिल्लर मोजणं,
ताटाचा तळ खरवडणारा चमचा,
आणि “एवढंसं तर आहे” हे वाक्य.

मे महिना. दुपारी शेहेचाळीस.
संध्याकाळी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये
यज्ञेशच्या बँडचा पहिला कार्यक्रम.
इंजिनाजवळ काम करणारे कानांवर चढवतात
ती पिवळी झाकणं त्याने शेडमधल्या मामाकडून आणली,
माझ्या मापाला तार वाकवून दिली.
पारोळ्याची आई म्हणाली,
“नको जाऊ माय, तुले तरास व्हई.”

गाणं सुरू झालं.
कसं सांगू.
ग्लेनच्या झांजेचा पहिला घाव दातांत बसला,
लादी फोडताना बर्फाची किरच उडते तसा,
फक्त ही किरच वितळेना.
गिटार म्हणजे तापलेला पत्रा,
कुणीतरी माझ्या पाठीवरून ओढत नेलेला,
लांबच लांब, संपेचना.
लाल दिवा वेगळा ओरडत होता, हिरवा वेगळा,
मागच्या माणसाच्या गुटख्याचा वाससुद्धा
तालात येऊन आपटत होता.
शब्द सगळ्यात शेवटी आले,
गर्दीत चपला शोधणाऱ्या पाहुण्यासारखे,
तोवर माझ्यात बसायला जागाच उरली नव्हती.
दुसऱ्या कडव्याला मी बाहेर.

रडले नाही. तो घाम होता.

हॉलच्या मागे हातभर जाड दगडी भिंत,
दिवसभराचं ऊन अजून धरून बसलेली.
आधाराला म्हणून तळवा टेकला
आणि गाणं आलं.
भिंतीने झांज ठेवून घेतली,
दिवे, वास, शिट्ट्या ठेवून घेतल्या,
चाळणीवर कोंडा राहावा तसं सगळं पलीकडेच राहिलं.
माझ्या हातात पडलं ते मऊ पीठ:
मोईनच्या जाड तारेची संथ चाल,
ग्लेनच्या पायाखालचा ढोल,
आणि त्यांच्या मधून यज्ञेश,
लहानपणी तापात बडबडायचा
तसा गरम, सलग, कुणालाच उद्देशून नाही.
मी कपाळ टेकलं. मग छाती.
झाकणं काढून गळ्यात घातली.
वॉचमनने पाहिलं, बिडी विझवली
आणि उगाच गेटकडे निघून गेला.
देव त्याचं भलं करो.

नंतर चौघं घामाने निथळत बाहेर आले.
यज्ञेश हिरमुसलेला.
“ताई, तू ऐकलंच नाहीस.”
मी म्हटलं, तिसऱ्या कडव्यानंतर
मोईन अर्धी मात्रा उशिरा आला,
आणि ग्लेन त्याच्यासाठी थोडा रेंगाळला
पुढच्या ओळीपर्यंत.
मोईन माझ्याकडे बघतच राहिला.
हॉलमध्ये तीनशे माणसं होती.

घरी आईने कूलर बंद केला,
न विचारता, पदराने वारा घेत बसली.
शेवभाजी तिखट होती, तिखटाला आवाज नसतो.

रात्री दोनची मालगाडी.
आधी जमीन,
मग पेले.
अंधारात यज्ञेश उठून बसलेला दिसला,
भिंतीवर हात.
“किती झाल्या?”
“बोलू नकोस,” मी म्हटलं,
“एकोणतीस.”